डाव्या चाकाची ऊब

पाऊस नावापुरताच होता. रस्त्यावरची धूळ खाली बसावी, यापलीकडे त्याची काही महत्त्वाकांक्षा दिसत नव्हती. गॅरेजच्या दारात उभी राहून धाकटी मिस्त्री चिंधीने हात पुसत होती आणि समोर येऊन थांबलेल्या जुन्या ट्रककडे पाहत होती. ट्रकचा रंग कधीकाळी निळा असावा. मागे ताडपत्री होती आणि तिच्याखाली लाकडी पेट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. तिचे लक्ष मात्र खाली होते. चार चाकांपैकी तीन चाके नीट भिजली होती. मागचे डावे चाक मधोमध कोरडे ठणठणीत होते, आणि त्याच्या लोखंडी ड्रमवर पडणारा थेंब चुर्र करून वाफ होऊन जात होता.

ट्रकमधून एक उंच तरुण उतरला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर मेणाचे पिवळट डाग होते.

"नदीकाठच्या शेतांकडे कुठला रस्ता जातो?" त्याने विचारले.

"कुठलाही घ्या. पोचणार नाही."

"का बरं?"

"मागचं डावं चाक धरतंय. ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेक सुटत नाहीये. हात लावू नका, भाजेल."

तो खाली वाकून पाहत म्हणाला, "तरीच. मला वाटलं, चढ आहे म्हणून गाडी जड चालतेय."

"इथे चढ नाहीये."

"हो… तेही मघापासून मनात येत होतं."

तिला हसू आले. ते लपवायला तिने ताडपत्रीकडे बोट केले. "पेट्यांमध्ये काय आहे?"

"मधमाश्या."

बोट आपसूक मागे आले. तो शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. पाऊस आहे म्हणून आत बसल्यात. तुमच्याबद्दल अजून तरी त्यांची काही तक्रार नाही."

ते गॅरेज तिच्या वडिलांचे. त्यांना सगळे थोरले मिस्त्री म्हणत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून नुसते पाहत आणि पाहता पाहता बोलत. हातातला पाना मुलीकडे आला तेव्हा नावही आले: धाकटी मिस्त्री. गॅरेजचे नियम वडिलांनी घालून दिलेले होते आणि ती ते देवाच्या आज्ञेसारखे पाळत असे. त्यांतला पहिला नियम असा, की भरलेली गाडी जॅकवर चढवायची नाही.

"चाक निवू द्या, मग सावकाश घरी जा," ती म्हणाली. "उद्या गाडी रिकामी करून आणा. मग बघू."

ट्रक वळून दिसेनासा झाल्यावर खुर्चीवरून आवाज आला, "रस्ता विचारायला आला होता ना? सांगितलास का?"

तिने जीभ चावली. रस्ता सांगायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. गाडी रिकामी होती, झाडून पुसून आणलेली. गॅरेजमध्ये तोवर त्याचे 'माशीवाला' असे बारसेही होऊन गेले होते.

तिने मागचा भाग जॅकवर उचलला आणि डावे चाक हाताने फिरवले. ते खुशाल फिरले. थांबवले, पुन्हा फिरवले. कुठे घासण्याचा आवाज नाही, अडखळणे नाही. जणू कालची वाफ दुसऱ्याच कुणाच्या चाकातून निघाली होती.

"म्हणजे बरं झालं आपोआप?" त्याने आशेने विचारले.

"गाड्या आपोआप बिघडतात. आपोआप बऱ्या होत नाहीत."

तिने ड्रम काढला. आतला लोखंडी पृष्ठभाग तापून निळसर पडला होता. तो शेजारी उकिडवा बसला, तेव्हा तिने त्याला समजावून दिले: या दोन अर्धगोल पट्ट्या म्हणजे लायनर. पाय दाबला की ऑइल त्यांना बाहेर ढकलते, त्या ड्रमला आतून धरतात, चाक थांबते. पाय काढला की या स्प्रिंगा त्यांना मागे ओढून घेतात. हँडब्रेक ओढला की हेच काम ही केबल करते.

"म्हणजे धरायला दोघं, आणि सोडायला एकटी स्प्रिंग," तो म्हणाला.

"हो. म्हणून तिच्यावरच पहिला संशय."

ऑइल आत कोंडून राहिले नव्हते, हे तिने स्क्रू सैल करून पाहिले. स्प्रिंगा खरोखरच उष्णतेने ढिल्या पडल्या होत्या. तिने त्या बदलल्या. गाडीखाली सरपटत जाऊन केबलवरूनही नजर फिरवली. एका ठिकाणी केबल सांगाड्याला बारीक तारेने बांधलेली होती. वेढे इतके एकसारखे आणि सुबक, की कारखान्यातच बांधून आली असावी. चांगल्या हाताचे काम पाहून मनाला बरे वाटते तसे तिला वाटले, आणि ती बाहेर आली.

"झालं. आता नाही धरणार."

थोरल्या मिस्त्रींनी खुर्चीवरून विचारले, "दोष सापडला, की नुसता भाग बदलला?"

"बाबा, स्प्रिंग ढिली होती."

"ढिली कशाने झाली ते विचारतोय मी."

"तापून."

"आणि तापली कशाने?"

ती पाने गोळा करू लागली. माशीवाल्याने मान खाली घातली. पण त्याच्या ओठांचे कोपरे तिने पाहिलेच.

तो पुन्हा आला तेव्हा पाऊस नव्हता. चाक मात्र तापले होते. पेट्या एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवल्या आणि वाटेत जळका वास आला, असे त्याने सांगितले. पेट्या उतरवून, गाडी रिकामी करून, तो सरळ इकडेच आला होता. तिने पुन्हा चाक उचलले. ते पुन्हा खुशाल फिरले. या वेळी तिने ऑइलचा सिलेंडर बदलला आणि कपाळावर काळा डाग पाडून घेतला.

काम चालले असताना त्याला बोलायला आवडे आणि तिला ऐकायला. फक्त ऐकताना ती पाहत असे चाकाकडे.

"पेटी दोन हात सरकवली ना," तो सांगत होता, "तर माश्या संध्याकाळी जुन्या जागीच परत येतात. हवेत घिरट्या घालत बसतात. डोळ्यांसमोर घर असतं, पण त्यांच्या हिशोबात घर ती जागा असते. लांब नेली, डोंगरापलीकडे वगैरे, की मात्र नवी जागा शिकून घेतात. जुनी विसरतात."

"आणि पेट्यांचा मालक?" बोलून गेल्यावर तिला वाटले, हे विचारायला नको होते.

तो उत्तर द्यायच्या बेतात होता… पण तेवढ्यात थोरल्या मिस्त्रींनी चहा मागवला, आणि चहाबरोबर दुसरेच बोलणे निघाले. डोंगराच्या पलीकडे त्याच्या मामांच्या बागा होत्या. तिकडे फुलोरा यायला सुरुवात झाली होती. मामांचे म्हणणे असे, की पेट्या घेऊन ये आणि आता तिकडेच राहा. घर आहे, बागा आहेत, इकडे तुझे आहे काय?

"खरंच आहे त्यांचं," कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला. "इकडे माझं तसं… काही नाही."

"मग गाडी लवकर ठीक व्हायला हवी," ती म्हणाली.

"हवी ना. हवीच. फुलं थांबत नाहीत कुणासाठी."

थोरल्या मिस्त्रींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि बशीतला चहा फुंकून प्यायला सुरुवात केली, जणू त्या क्षणी जगात त्याहून तातडीचे काम नव्हते.

तो गेल्यावर ती बराच वेळ आतल्या भिंतीसमोर उभी राहिली. ती भिंत वडिलांची होती. तिच्यावर खिळ्यांना काही जुने भाग टांगलेले होते: एक वाकडी सळई, केसासारखी चीर गेलेली चकती, रबराचा एक तुकडा. ज्या ज्या भागाने थोरल्या मिस्त्रींना फसवले, तो त्यांनी भंगारात दिला नव्हता. इथे आणून टांगला होता. उभ्या आयुष्यातले असे भाग मोजकेच होते. तिच्या नावाचा अजून एकही नव्हता, आणि तिला वाटले, आता खिळा ठोकायची वेळ आली आहे. दोषही सापडत नव्हता, आणि सापडला तर माशीवाला जाणार होता. कुठल्या गोष्टीची रुखरुख अधिक आहे, हे तिने स्वतःला विचारले नाही.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा गाडीतून उतरलाच नाही. खिडकीतूनच म्हणाला, "मिस्त्रीबाई, एक विचारू? हसणार नसाल तर."

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"डाव्या कोपऱ्यात, त्या चाकावर येणारी पेटी असते. प्रवास संपला की तेवढ्याच पेटीतल्या माश्या दारात ओळीने उभ्या राहून पंख हलवतात. वारा घालतात आत. उकडलं की करतात त्या तसं. बाकीच्या पेट्या आपल्या गप्प. म्हणजे चाक तापतं ते त्यांना माझ्याआधी कळतं."

ती हसली नाही. हातातला पाना तिने हळूच बाकावर ठेवला.

"आणि रिकाम्या गाडीला कधी तापलंय चाक?"

तो विचारात पडला. "रिकाम्या… नाही. कधीच नाही. तुमच्याकडे येताना तर गाडी पाण्यासारखी धावते."

"गाडी रिकामी करून आणा, असं मीच सांगितलं तुम्हाला," ती सावकाश म्हणाली. "पहिल्याच दिवशी. आणि मग रिकाम्या गाडीत भरल्या गाडीचा दोष शोधत बसले."

"असं असतं का? ओझं आल्यावरच दिसणारा दोष?"

"माणसांत नाही का असत?"

"असतो. पण माणसाला जॅकवर घेता येत नाही."

"उद्या सकाळी भरून आणा," ती म्हणाली. "सगळ्या पेट्यांसकट. जॅक नाही लावायचा. मी जमिनीवरूनच खाली जाते."

"आणि माश्या?"

"त्यांना माझी ओळख करून द्या."

सकाळी कोवळ्या उन्हात भरलेला ट्रक गॅरेजसमोर उभा राहिला. पेट्यांची दारे जाळीने बंद होती, आत घुमल्यासारखा एकसुरी आवाज चालू होता. त्याने स्वतःची जाळीची टोपी आणली होती. ती तिच्या डोक्यावर ठेवून, जाळी खांद्यांवर नीट सोडताना त्याची बोटे जरा जास्तच काळजी घेत होती.

"दिसतंय का?"

"सगळं दिसतंय. तुम्ही चौकोनी चौकोनी दिसताय."

"माझ्या मामीचंही तेच मत आहे."

थोरले मिस्त्री खुर्ची थोडी मागे घेऊन म्हणाले, "लग्नाच्या आधीच तोंड झाकलंय पोरीनं, बघा."

"बाबा."

"मी माश्यांशी बोलत होतो."

ती गाडीखाली गेली. वर मधाचा आणि मेणाचा जडसर गोड वास होता, खाली ऑइलचा. ओझ्याने सांगाडा चांगलाच खाली दबला होता. तिने केबलवर बोट ठेवले, ते बोट मागे मागे नेले आणि त्या सुबक तारेपाशी ते थांबले. रिकाम्या गाडीत ती तार नुसती नीटनेटकी दिसली होती. आता ती ताठ झाली होती. तिने नखाने छेडली, तर ती वाजली. सांगाडा खाली गेला की तार केबलला आपल्याकडे खेचत होती, आणि केबल चाकातल्या ब्रेकला. हँडब्रेक कुणी ओढला नव्हता. तरी तो अर्धा ओढलेलाच होता.

सापडले. इतके सोपे होते आणि इतके सुंदर बांधलेले होते, की संशयच आला नव्हता.

ती तशीच पडून राहिली. गाडीच्या पलीकडे त्याचे पाय दिसत होते. एका बुटाच्या नाडीला मेण लागले होते. ते पाय थोडे पुढे येत, पुन्हा मागे जात. आपण आत्ता काहीच बोललो नाही तर… असे तिच्या मनात आले. अजून काही दिवस शोधत राहता येईल. तोवर डोंगरापलीकडची फुले गळून जातील. त्याला जायचे कारणच उरणार नाही. तो इथेच राहील, आणि त्याच्या गाडीत हे चाक राहील. मग एखाद्या उतारावर ऐन वेळी…

तिने डोळे मिटून उघडले.

"सापडलं," ती म्हणाली.

पाय जागीच थबकले. वरून आवाज आला, पण त्यात तिने अपेक्षिला तेवढा आनंद नव्हता. "हो का… काय आहे?"

"तार. केबलला कुणीतरी तार बांधलीय. घट्ट. इतकी छान, की मी पाहूनही सोडून दिली."

पलीकडचे पाय एक पाऊल मागे सरकले.

"ती तार," तो म्हणाला, "मी बांधली."

ती जाळीसकट बाहेर सरकली. तो उभा होता तो शाळेत बाकावर उभ्या केलेल्या मुलासारखा.

"पेटीतल्या चौकटींना बांधतो ना आम्ही तशी. केबलची कडी तुटली होती, ती लोंबत होती बिचारी. मला वाटलं, रस्त्याला घासेल. म्हणून नीट ताणून बांधली. ढिली तार आमच्यात चालत नाही."

"बिचारी?"

"लोंबत होती ना."

"आणि हे मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला? एकदाही?"

"तो बिघाड थोडाच होता? मी तर दुरुस्ती केली होती."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मग हसायला लागली. हसताना जाळी ओठांत अडकली, ती तिने सोडवली, पुन्हा हसली. तोही हसू लागला. खुर्चीवर थोरले मिस्त्री नुसते खांदे हलवत होते.

तिने तार कापली, नवी कडी बसवली, केबलला हलायला जागा ठेवून ती नीट लावली. कापलेल्या तारेचे वेटोळे करून ते भिंतीवर टांगले. खिळा वडिलांनीच ठोकून दिला.

"आता भरल्या गाडीची परीक्षा भरल्या गाडीनेच," ते म्हणाले. "डोंगराच्या माथ्यापर्यंत जाऊन ये. तिथून बस मिळते परतीची."

असे काही करायची गॅरेजची पद्धत नव्हती. ते तिघांनाही ठाऊक होते आणि कुणीच बोलले नाही.

चढणीच्या रस्त्यावर ट्रक संथपणे वर जात होता. खिडकीतून थंड वारा येत होता. प्रत्येक वळणावर ती हवा हुंगून जळका वास शोधत होती; येत होता फक्त मध. दोघेही जपून, थोडेथोडेच बोलत होते, जणू शब्दसुद्धा पेट्यांसारखे न हिंदकळता न्यायचे होते.

माथ्यावर त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पुन्हा सोडला. करकर न होता तो सुटला. ती उतरून डाव्या चाकापाशी गेली आणि तळहात ड्रमवर ठेवला.

"कसं आहे?" पलीकडून त्याचा आवाज आला. तो उजव्या चाकापाशी बसला होता. मध्ये सगळ्या पेट्या होत्या.

"कोमट. तिकडे?"

"इथेही तेवढंच."

"मग झालं. दोन्ही सारखी."

ती उठली नाही. तोही उठल्याचा आवाज आला नाही.

"मिस्त्रीबाई."

"काय?"

"इथून तुमचा चेहरा दिसत नाही, म्हणून विचारतो."

"विचारा."

"आता गाडी बिघडलीच नाही, तर मी कुठल्या तोंडाने यायचं तुमच्याकडे?"

तिच्या तळहाताखालचे लोखंड कोमट होते. तिला वाटले, ते आता तिच्याच हाताने तापेल.

"गाडी बिघडल्याशिवाय येणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळतो," ती म्हणाली.

"नुसता चहा?"

"आधी तो पिऊन दाखवा. बाबांच्या समोर बसून. माणूस भरला की कसा चालतो, ते मग कळेल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग थांबला.

"त्या दिवशी तुम्ही एक विचारलं होतं. माश्या जुनी जागा विसरतात, पण पेट्यांच्या मालकाचं काय… उत्तर राहिलं होतं."

"मी विसरले होते."

"नाही विसरलात."

"नाही," ती म्हणाली.

"मालकाचं उलटं असतं. त्याला जितकं लांब न्याल तितकी जुनी जागा आठवते. आता हे मी इथवरच येऊन सांगतोय… पलीकडे खाली उतरल्यावर किती आठवेल, माहीत नाही."

"मग मामांना काय सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"सांगा की डोंगराच्या अलीकडे एक मिस्त्री आहे. हे चाक तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"चाकाचं सांगू?"

"मग कुणाचं?"

"माझं," तो म्हणाला.

बस आली तेव्हा दोघेही आपापल्या चाकापाशी तसेच बसलेले होते. बसच्या वाहकाने मान बाहेर काढून विचारले, गाडी बंद पडलीय का. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटले.

फुलोरा सरला, पलीकडच्या बागांत फळे धरू लागली असतील, अशा एका दुपारी निळसर ट्रक गॅरेजसमोर येऊन थांबला. तो उतरायच्या आत ती मागच्या बाजूला पोचली होती आणि तिचा हात डाव्या चाकावर होता.

"आधी चाकाची चौकशी?" त्याने विचारले.

"चाक सरळ सांगतं. तुम्ही तार बांधून गप्प बसता."

"या वेळी काहीही बांधलेलं नाही. मामांना सांगून आलोय. दर फुलोऱ्याला पेट्या घेऊन जाईन, राहायला मात्र इकडे."

थोरले मिस्त्री खुर्चीवरून म्हणाले, "काय बिघडलंय आज?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली.

"मग आलाय कशाला?"

"चहाला."

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या तारेच्या वेटोळ्याकडे पाहिले, मग त्या उंच माणसाकडे.

"आमच्याकडे एक रीत आहे," ते म्हणाले. "ज्याने फसवलं त्याला आम्ही टाकत नाही. भिंतीवर टांगतो."

"मला… टांगणार?"

"तुमच्या मापाचा खिळा नाही माझ्याकडे. घरातच जागा करावी लागेल."

तिने घाईघाईने आत जाऊन चहाचे आधण ठेवले. कान लाल झालेले कुणाला दिसू नयेत म्हणून ती बाहेर आलीच नाही. आतूनच तिने विचारले,

"हँडब्रेक ओढलाय का?"

"ओढलाय. सोडू?"

"असू दे," ती म्हणाली. "आज कुठे जायचंय गाडीला."